चार हंड्यांचे घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. भाड्याचे घर शोधत हिंडण्याबद्दल मात्र त्यांनी एक अक्षरही काढलेले नाही. बहुधा तो प्रसंग त्यांच्यावर आलाच नसावा!

यंदा आमची नात आणि नातजावई पुण्यात घर शोधत आहेत. पदरी वर्षाचे मूल. दर रविवारी दोघे एखादी रंगीत पुस्तिका घेऊन येतात. तीत पोहण्याचा तलाव असतो, बाग असते, व्यायामशाळा असते. मी आपला चष्मा पुसतो आणि विचारतो, "पाणी कुठून येतं?" दोघे हसतात. परवा मात्र नातीचा फोन आला, "आजोबा, त्या इमारतीत रोज टँकर येतो म्हणे! तुम्हांला कसं कळलं?"

मला कळले काहीच नव्हते. पण हा प्रश्न आधी विचारायचा असतो, हे मला माणदेशाने शिकवले. आणि तेही चांगला कान पिळून.

गोष्ट 1972 सालची. मी तेव्हा मुंबईत एका बँकेत कारकून होतो. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्या, त्यांत आम्ही नऊ माणसे. लग्न होऊन तीन वर्षे झाली होती. मुलगी झाली आणि 'वेगळी जागा बघायला हवी' हे वाक्य घरात रोज निरनिराळ्या माणसाच्या तोंडून ऐकू येऊ लागले. बघितल्याही. गोरेगाव झाले, डोंबिवली झाली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी जिथल्या तिथे थांबवली होती. भाडेकरूला त्याचा मोठाच आधार झाला. पण भाडे वाढवता येईना, तेव्हा मालकांनी पगडी वाढवली. पगडी घेणे तेव्हा गुन्हा होता. त्यामुळे ती सर्वांसमक्ष, पण पावतीशिवाय घेतली जाई. माझ्या पगारात पगडी सोडाच, तिचा शेमलासुद्धा बसत नव्हता.

अशात बदलीचा हुकूम आला. 1969 मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यापासून खेडोपाडी शाखा निघत होत्या. माझ्या वाट्याला आले म्हसवड. सातारा जिल्हा, माण तालुका. सहकाऱ्यांनी सुतकी चेहऱ्याने निरोप दिला. मी मनातून खूष होतो. सातारा म्हणजे महाबळेश्वर, असे माझे भूगोलाचे ज्ञान! हवेशीर घर, पुढे अंगण, अंगणात मोगरा, असे सारे काही मी हिला पत्रातून रंगवून कळवले. ही तेव्हा दहा महिन्यांच्या मुलीसह पुण्याला माहेरी होती.

साताऱ्याहून एस. टी. निघाली. पुसेगाव गेले, दहिवडी गेली, गोंदवले गेले, आणि खिडकीबाहेरचा हिरवा रंग कुठे उतरून गेला ते कळलेच नाही. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरावर दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि सारे ढग तिथेच रिकामे झाल्यावर माणच्या वाट्याला जेमतेम वीस इंच येतो. तोही आला तर. त्या वर्षी तो आलाच नाही. आषाढात माणगंगेच्या पात्रात नुसती वाळू होती, आणि बायका त्या वाळूत झरे उकरून वाटीने घागरी भरत होत्या.

शाखेमागच्या खोलीत पथारी टाकून मी घर शोधू लागलो. बँकेचे शिपाई तात्या वाटाड्या होते. पहिले घर पेठेतले. सहा खण, सोपा, माजघर, सारे ऐसपैस. पण परड्यातली विहीर कोरडी ठणठणीत. दुसऱ्या ठिकाणी यजमानांनी आधी आडनाव विचारले, मग पोटजात, मग गोत्र. मला क्षणभर वाटले, हे घर देणार आहेत की मुलगी? उत्तरे त्यांच्या पसंतीस उतरली. पण ज्यांची उतरत नसतील ते या गावात कुठे राहत असतील, हा विचार मनात येऊन माझाच पाय तिथून निघाला. तिसरे घर नवे, सिमेंटचे. मालक भाडे सांगेनात. चहा झाल्यावर म्हणाले, "भाड्याचं काय घेऊन बसलाय साहेब? आमचं कर्जाचं प्रकरण तेवढं वर सरकवा." मी चहा तसाच ठेवून उठलो.

चौथे घर आक्कांचे. धाब्याचे, पांढऱ्या मातीचे, दोन खण भाड्याने द्यायचे. आणि अंगणात आड, तळाशी का होईना, पण पाणी असलेला. वाटेत तात्यांनी बजावले, "दोनच माणसं म्हणून सांगा. आक्का जास्तीला जागा देत न्हाईत. आडाला पाणीच तेवढं हाय."

आक्कांनी ना आडनाव विचारले, ना पगार. एवढेच विचारले, "खाणारी तोंडं किती?"

"दोनच," मी म्हणालो. "मी आणि मंडळी."

"दोघांला रोजचं चार हंडं. त्याच्या वर पोहरा टाकायचा न्हाई."

झाले. घर मिळाले! हिला पत्र टाकले. आठ दिवसांनी ही मुलीला कडेवर घेऊन एस. टी.तून उतरली, तेव्हा मी वाटेतच तिला हळूच सांगितले, "आज मुलगी पाहुणी आहे असं म्हणू. पुढचं पुढं बघू."

ही जागच्या जागी थांबली. म्हणाली, "पोटच्या पोरीला पाहुणी म्हणून ज्या घरात शिरायचं, त्यात मी चूल पेटवणार नाही. परतीची गाडी किती वाजता आहे?"

गाडी सकाळी होती. रात्र कुठे काढायची, हा प्रश्न होता. पण माझ्या उत्तराची वाट न पाहता ही तरातरा पुढे गेली, आक्कांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "आम्ही दोन नाही, तीन आहोत. यांनी खोटं सांगितलं. लहान मूल आहे, धुणं जास्त असतं. चालणार नसेल तर आम्ही उद्या जातो."

आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. माझ्याकडे तर त्यांनी पाहिलेही नाही. मग मुलीला घेऊन म्हणाल्या, "लेकराचा हंडा मी देईन. पर तुमच्या चारातला एक कमी. खोटं बोलला त्यो हंडा यांनी नदीवरनं आणायचा."

अशा रीतीने बँकेचा कारकून रोज पहाटे लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून माणगंगेच्या वाळूत वाटीने हंडा भरू लागला. पहिल्या दिवशी निम्मे पाणी वाटेत सांडले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एका म्हातारीने मला चुंबळ करून दिली. पगडी चुकवून आलो होतो खरा, पण डोक्यावर काही ना काही बसायचेच होते!

1973 चा उन्हाळा मात्र हसण्यासारखा नव्हता. आक्कांचा आडही आटला. दुष्काळी कामे निघाली होती. आक्कांची सून खडी फोडायला जाई आणि सुकडी घेऊन परते. तिचे लेकरू दिवसभर हिच्यापाशी असे. टँकर आला, की आमच्या वाट्याचे पाणी आक्का रांगेत उभ्या राहून धरून ठेवीत, कारण ही दोन पोरे सोडून जाऊ शकत नसे. त्यांचे किती आणि आमचे किती, हे मोजणे केव्हा थांबले ते मला आठवत नाही. मुलीला हगवण लागली तेव्हा सासऱ्यांचे पत्र आले, 'दोघींना ताबडतोब पुण्याला पाठवा.' मी पत्र हिच्या हाती दिले. त्या आठवड्यात आक्कांनी उकळून गार केलेले पाणी स्वतःच्या तांब्यात जपून मुलीसाठी ठेवले होते. हिने तांब्याकडे पाहिले आणि पत्राची घडी करून देवळीत ठेवून दिली. मुलगी बरी झाली. नातीची आई ती हीच.

1975 मध्ये बदली झाली. त्यानंतर घरे पुष्कळ झाली. पुण्यात स्वतःचेही झाले. काही वर्षांपूर्वी म्हसवडला गेलो होतो. आक्का राहिल्या नव्हत्या. धाबे खचले होते, आडावर लोखंडी जाळी होती. उरमोडी, टेंभूसारख्या योजनांनी सातारा-सांगलीच्या या पट्ट्यातल्या काही गावांत कृष्णाखोऱ्याचे पाणी पोचले आहे. पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी वाडी अजूनही इथे दिसते.

नातीला मी अजून यातले काही सांगितलेले नाही. या रविवारी सांगेन म्हणतो. खोल्या किती हे नंतर विचार, आधी पाणी विचार. आणि ते ज्यांच्याबरोबर वाटून घ्यायचे आहे, त्या माणसांना माणसे किती ते खरे सांग.

अजूनही कुठल्या अर्जावर 'कुटुंबातील माणसे' हा रकाना आला, की मी ती एकदा बोटांवर मोजतो. मग ही शेजारून अर्जात डोकावून पाहते. आणि मगच मी आकडा लिहितो.