सत्त्याण्णव नंबरचं पान

अब्बांच्या वहीचा विषय आमच्या घरात निघाला तो भांडणासारखाच निघाला. अब्बांच्या इंतेकालाला दोन वर्षं होत आली होती. घर भाईजानकडे, धुळ्याचं. अम्मी तिथेच राहतात, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण वही एकच आणि आम्ही भावंडं चार. धाकटा म्हणाला, वही मला हवी. आपा म्हणाल्या, थोरली मी आहे. भाईजान गप्प बसले, पण वही मात्र त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला ते कुलूप फार लागलं.

आमचे अब्बा कातिब होते. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. उर्दू छपाईला पूर्वी खिळे जुळवण्याची पद्धत फारशी नव्हती. नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे नुसता चालत नाही, वरून खाली उतरतही जातो आणि एकच अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं. शिशाच्या खिळ्यांत हे बसवणं अवघड. म्हणून कातिब पिवळ्या कागदावर बोरूने लिहायचा आणि तेच लिखाण दगडावर किंवा प्लेटवर उतरवून छापलं जायचं. अब्बांनी मालेगावला आणि मग धुळ्यात हेच काम केलं. लग्नपत्रिका, मुशायऱ्याची पोस्टरं, मदरशाच्या पावत्या, दुकानांच्या पाट्यांचे नमुने.

त्यांची वही म्हणजे जाडजूड रजिस्टर, 146 पानांचं. त्यात अक्षरांचा सराव आहे, म्हणजे मश्क. पत्रिकांचे नमुने आहेत, आमच्या जन्माच्या तारखा-वेळा आहेत, कुणाचे किती रुपये येणं आहे तेही आहे आणि मध्येच अम्मीच्या औषधाचं नाव. असली वस्तू चौघांत वाटायची कशी?

तोड मीच काढली. वहीची नक्कल छापायची, पाच प्रती. चौघांना चार आणि एक अम्मीसाठी. मूळ वही आहे तिथेच राहू दे. बकरीदच्या तिसऱ्या दिवशी सगळे धुळ्यात जमणार होते, तोवर प्रती तयार हव्यात. भाईजानने मान हलवली, पण वही घराबाहेर जाऊ दिली नाही. त्यांच्या मुलाने घरच्या स्कॅनरवर एकेक पान स्कॅन करून मला पेनड्राईव्ह दिला. एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला येईपर्यंत मी तो पर्समध्ये घट्ट धरून होते. मनात म्हटलं, आता काय, बटण दाबायचं.

सुट्टी असली तरी शाळेचं ऑफिस उघडं होतं. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, कागदाचं रीम घरून नेलं. फाईल उघडायलाच पाच मिनिटं लागली. प्रिंट दिलं. प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला, आणि बऱ्याच वेळाने दोन पानं आली. तिसरं पान अर्धं काळं, अर्धं कोरं. मग मेमरी भरल्याचा निरोप आणि सगळं ठप्प. मी आपण नेहमी करतो तेच केलं. पुन्हा प्रिंट दिलं. मग आणखी एकदा. रांगेत एकाच फाईलच्या तीन प्रती उभ्या राहिल्या आणि रद्द करायला गेले तर 'डिलीटिंग' असं लिहून येई, पण हटत एकही नसे. प्रिंटर बंद करून चालू केला तरी तेच. क्लार्क म्हणाले, "मॅडम, उद्या टीसी छापायचे आहेत हो." मी शरमेने घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने फाईलचा आकार पाहिला. एक जीबीच्या वर. "फाईल जड आहे," म्हणत त्याने ती कुठल्याशा सॉफ्टवेअरमध्ये टाकून पंचवीस एमबीची केली आणि पानं भराभर काढून दिली. मी खूश. घरी आल्यावर चष्मा लावून पाहिलं तर अब्बांच्या लिखाणातले नुक्ते गेलेले. बारीक कलमाने लिहिलेल्या ओळींत कुठे टिंब पुसट, कुठे दोन टिंबांचा एक डाग. उर्दूत 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक एका टिंबाच्या जागेचाच, वर की खाली. कातिबाच्या वहीतले नुक्ते गाळून ती छापायची, तर मग छापायची कशाला? तो गठ्ठा मी रद्दीत टाकला नाही, मागच्या कोऱ्या बाजू शाळेच्या कच्च्या कामाला वापरल्या.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी आठवला. दहावीला मराठीत जेमतेम पास झालेला. आता शहरातच त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. जळगावच्या जूनमधली दुपार, दुकानात एक पंखा. म्हणाला, "आपा, आधी बसा. पाणी प्या. प्रिंटरपण तापलाय, त्यालापण बसू द्या."

मग त्याने मला शिकवलं. मी वीस वर्षं फळ्यासमोर उभी आहे, पण इतकं सोपं करून कुणी क्वचितच सांगितलं असेल. लेझर प्रिंटर कागद ओढायला लागला की मध्ये थांबू शकत नाही, म्हणून अख्खं पान त्याला आधी आपल्या मेमरीत मांडावं लागतं. आणि पान म्हणजे टिंबांचा पसारा. त्याने कॅल्क्युलेटरवर दाखवलं. ए-फोर पान 600 डीपीआयने स्कॅन केलं तर साडेतीन कोटींच्या आसपास टिंबं. रंगीत असेल तर प्रत्येक टिंबाला तीन बाईट, म्हणजे एका पानाचे शंभर एमबीहून जास्त. फाईलमध्ये ते दाबून बसवलेलं असतं म्हणून आठ-दहा एमबी दिसतं, पण छापताना गाठोडं सोडावंच लागतं. शाळेच्या प्रिंटरची मेमरी बेताची. तो बिचारा काय करणार?

"आणि पुन्हा पुन्हा प्रिंट दिलंत ना?" त्याने विचारलं. मी मान खाली घातली. अडकलेली रांग मोकळी करायची तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा, सिस्टिम 32 मधल्या स्पूल फोल्डरच्या आत 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर असतं ते रिकामं करायचं आणि स्पूलर पुन्हा चालू करायचा. फोल्डर नव्हे, फक्त त्यातल्या फाईली पुसायच्या. शाळेत जाऊन मी हे स्वतः केलं आणि क्लार्कचे टीसी निघाले. ज्या भगिनींच्या घरी मुलांच्या प्रोजेक्टसाठी प्रिंटर आहे त्यांनी एवढं एक वहीत लिहून ठेवावं.

एक माझी स्वतःची चूकही तिथेच सापडली. मी नकलेला दोन पानांची प्रस्तावना लिहिली होती, एक उर्दूत, एक मराठीत. माझ्या कॉम्प्युटरवर सुंदर दिसत होती. त्याच्याकडे उघडली तर उर्दूची अक्षरं सुटी सुटी, हात सोडून उभ्या असलेल्या मुलांसारखी, आणि मराठीच्या जागी चौकोन. मी फाईल फॉन्टशिवाय दिली होती. पीडीएफ करतानाच फॉन्ट आत बसवायचा असतो. बसला की नाही ते फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या यादीत 'एम्बेडेड' लिहिलेलं असतं त्यावरून कळतं. तरीही एखादा प्रिंटर नस्तालीकवर अडखळलाच तर प्रिंटच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' आहे. मग प्रिंटर अक्षर ओळखायच्या भानगडीत पडत नाही, चित्र म्हणून छापून टाकतो. वेळ लागतो, पण येतं.

त्याने वहीचं रंगीतपण काढून करडं केलं. तेवढ्यानेच भार एक तृतीयांश झाला. नुक्त्यांसाठी 300 डीपीआय पुरे, असं एक पान छापून मला दाखवलं. भिंगातून पाहिलं, सगळे नुक्ते जागेवर. मग दहा-वीस पानांचे तुकडे करून छापायला लागला. आणि प्रिंटर पुन्हा थांबला.

"यात एखादं पान आजारी आहे," तो म्हणाला. शोधायची त्याची रीत मला आवडली. उरलेल्याचे दोन भाग करायचे, जो भाग अडतो त्याचे पुन्हा दोन. पहिली 73 पानं ठीक. 74 ते 146 अडली. त्यातली 74 ते 110 अडली. असं करत करत असर झाली तेव्हा एकच पान हाती राहिलं. सत्त्याण्णव.

मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "फुपी, तो चिकटवलेला कागद आहे ना, घडी घातलेला? त्यावरचं लिखाण फार बारीक होतं म्हणून मी तेवढं 1200 ने केलं." डीपीआय दुप्पट म्हणजे टिंबं चौपट. ते एकच पान चारशे एमबीच्या वर गेलं होतं, आणि करडं करणाऱ्या यादीतूनही सुटलं होतं.

घडी घातलेला तो कागद मी लहानपणापासून पाहिला होता. कसलं तरी बिल असेल असंच वाटायचं. दुकानातल्या पडद्यावर पहिल्यांदा उलगडलेला पाहिला.

त्यावर कीबोर्ड होता. अब्बांनी हाताने काढलेला. पट्टीने आखलेले छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात इंग्रजी अक्षर आणि त्याच्या शेजारी त्यांच्या त्या देखण्या हातातलं उर्दू अक्षर. ए ला अलिफ, बी ला बे, पी ला पे. खाली बारीक अक्षरांत सूचना, शिफ्ट दाबल्यावर काय येतं, जागा कशी सोडायची. कोपऱ्यात साल, 1999.

इथे थोडं मागे जावं लागेल. नस्तालीक यंत्रात बसणार नाही असं सगळे म्हणत होते तेव्हा पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोड-आकार हाताने लिहून नूरी नस्तालीक तयार केली आणि 1981 मध्ये 'जंग' दैनिकाची लाहोर आवृत्ती तिच्यात निघाली. पुढे 1994 च्या सुमारास दिल्लीच्या एका कंपनीचं इनपेज आलं. मग गावोगावच्या कातिबांचं काम हळूहळू गेलं. अब्बांचंही गेलं. चेन्नईचं 'द मुसलमान' हे 1927 चं दैनिक हाताने लिहिलं जातं, एवढं ते अभिमानाने सांगायचे. बाकी कॉम्प्युटरचा विषय निघाला की उठून जायचे. आम्ही समजलो, अब्बांना गुर्मी आहे. मी कॉलेजात होते. एकदा बोलूनही गेले होते की अब्बा, आता हाताचं कोण छापतंय, शिकून का घेत नाही? त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

त्या मुलाने सत्त्याण्णव नंबर 300 वर आणलं. मी म्हटलं, "हे एक पान रंगीत काढ." त्याने पाचही प्रतींत रंगीत काढून दिलं आणि त्या पानाचे पैसे घ्यायला तयार होईना.

ईदच्या तिसऱ्या दिवशी धुळ्यात प्रती वाटल्या. धाकटा पत्रिकांचे नमुने पाहत बसला, आपा आपली जन्मवेळ शोधू लागल्या. भाईजानने मूळ वही काढून माझी प्रत शेजारी ठेवली आणि पान पान ताडून पाहिलं. मला थोडा रागच आला. मी सत्त्याण्णव काढून अम्मीसमोर धरलं.

अम्मीने चष्मा पुसला. "ये तो उनका कागद है," म्हणाल्या. मगरिबनंतर एका कॉम्प्युटरवाल्याकडे जायचे, पंधरा-वीस दिवस गेले. तिथे सगळी पोरं विशीतली. अब्बांची बोटं बोरू धरून धरून आखडलेली, एकाच वेळी दोन बटणं दाबायची आणि पोरं हसायची. घरात कीबोर्ड नव्हता म्हणून हा कागद ओट्यावर ठेवून रात्री बोटं फिरवायचे. "तुम लोग सो जाते थे ना, उसके बाद."

"मग सोडलं का?" मी विचारलं.

"फीस थी. उसी महीने तेरी कॉलेज की भी भरनी थी."

भाईजानने ताडून पाहणं थांबवलं होतं. त्यांनी मूळ वहीतला तो कागद उलगडला. घडीवर फाटत आला होता. म्हणाले, याला मागून पातळ कागद लावायला हवा, जळगावात कुणी करतं का? मी म्हटलं, चौकशी करते. त्यांनी वही माझ्या पिशवीत ठेवली, वर अम्मीचा दुपट्टा गुंडाळला, आणि पाऊस लागायच्या आत निघ म्हणाले.