उतार

नवी भाषा शिकावयाचे मनात आले म्हणजे आपण पांढरपेशे लोक प्रथम शब्दकोश व व्याकरण विकत आणतो. पुण्यात जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा दूरदेशीच्या भाषांचे वर्ग आहेत. त्यांत बसणाऱ्याला परदेशची वाट मोकळी होते. परंतु त्याच पुणे जिल्ह्यात, मुळशीच्या डोंगरांत, एक बोली अशी नांदते की ती शिकून कोणालाही नोकरी मिळावयाची नाही. ती कातकऱ्यांची बोली. तीन पावसाळे तिची उमेदवारी केल्यावर तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते काथोडी अथवा कातकरी. इंग्रजी अमदानीत जंगले सरकारच्या ताब्यात गेली, आणि ज्या धंद्यावरून जमातीला नाव मिळाले तो धंदा हातचा गेला. नाव तेवढे मागे राहिले. पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, आता विटांच्या आहेत. मुळशी म्हटले की आपणांस १९२१ चा सत्याग्रह व सेनापती बापट आठवतात. धरणाखाली ज्यांची शेते जावयाची होती त्यांचा तो लढा. ज्याच्या नावे कधी शेतच नव्हते त्याचे काय बुडाले, याची मोजदाद करावयास कागदच नव्हता.

मी तेथे गेलो तो भाषा शिकावयास नव्हे. जातीचे दाखले, शिधापत्रिका, वनहक्काचे अर्ज असली कागदपत्रे भरून देणे आणि सायंकाळी मुलांना अक्षरओळख करून देणे, एवढेच माझे काम. पुष्कळ वाड्यांत तरुण मंडळी आता मराठीच बोलतात. या वाडीतही माझ्याशी सर्वजण मराठीत बोलत. मान वळवली की आपसात निराळी भाषा सुरू होई. मराठीला इतकी जवळची की वाटावे, आता कळले. आणि त्याच क्षणी क्रियापदाचे शेपूट हातून निसटावे. गुरू लाभली ती एक म्हातारी. कडू कंदांच्या चकत्या करून, त्या उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडवटपणा ती काढी. मी शेजारी बसून चकत्या करी, आणि ती हातातल्या कामाला शब्द जोडीत जाई. पुस्तकात नाम आधी येते. तिच्या शाळेत क्रियापद आधी आले.

पण जसजसे समजू लागले तसतशी एक शंका मला छळू लागली. ज्यांच्या घराखालची जमीनही पुष्कळदा दुसऱ्याची असते, त्यांच्यापाशी ही बोली म्हणजे कडी लावता येणारी एकच खोली. बाहेरच्याने तीत शिरावे काय? दिवाळीनंतर माणसे न्यावयास येणारा वीटभट्टीचा मुकादमही ही बोली थोडीबहुत समजे. आणि कोणाची नड किती, उचल किती द्यावी, याचा अंदाज तो तिच्यावरूनच बांधी. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. उचलीची वही राहिली. तेव्हा दुसऱ्याची भाषा येणे हे काही आपोआप पुण्य होत नाही.

ही शंका मी म्हातारीपाशी बोलून दाखविली, आणि लहान पोरांना त्यांच्याच बोलीत शिकवावे काय, असेही विचारले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही मातृभाषेतून शिकविण्याचा उल्लेख आहे. ती म्हणाली, “गुरुजी, आमची बोली पोरांना येते. तिला शाळा कशाला? वही वाचायला शिकवा. वही मराठीत हाय.”

या उत्तराने बोलीचे स्थान मला नीट उमगले. ती नदीचा उतार होय; पलीकडे जावयाचे ते तेथूनच. अनोळखी अक्षर ओळखीच्या शब्दावर बसविले की पोर बिचकत नाही. प्रश्न त्याच्या बोलीत विचारला की कोपऱ्यात गप्प बसलेलेही उत्तर देते. माझ्या शिकण्याचा उपयोग एवढाच, पण तो थोडा नव्हे.

गेल्या दिवाळीनंतर मुकादम आला तेव्हा वही चौथीतल्या एका मुलीने हाती घेतली. आकडे तिने मराठीत वाचले, आणि प्रत्येकाचा अर्थ आजीला आपल्या बोलीत सांगितला. एका आकड्याशी म्हातारी थांबली व तो तिने पुन्हा वाचावयास लावला. मग ती नातीला काही बोलली. ते मला समजले, मुकादमालाही समजले. मला मध्ये बोलण्याचे कारण पडले नाही. मुकादमाने खिशातून पेन काढले आणि तो आकडा दुरुस्त केला.