धर्माबादच्या थेट दक्षिणेला

धर्माबादचा रेखांश साधारण 77.8 अंश पूर्व. नकाशावर तिथून सरळ दक्षिणेला रेघ ओढली, तर ती तामिळनाडूच्या टोकाशी समुद्रात उतरते आणि पुढे सुमारे पाच हजार किलोमीटर तिच्या वाटेत जमीन येत नाही. मग रेघेच्या किंचित पश्चिमेला फ्रान्सच्या ताब्यातलं आम्स्टरडॅम बेट लागतं. त्याच्या नैर्ऋत्येला केर्गेलेन आणि क्रोझे ही द्वीपं आहेत. खऱ्या अर्थाने उपअंटार्क्टिक म्हणायची ती हीच दोन. आम्स्टरडॅमची हवा त्या मानाने बरीच सौम्य.

रेघ सरळ असली तरी वाट तशी नाही. मराठवाड्यातून निघणाऱ्याला आधी मुंबई, मग मॉरिशसमार्गे रियुनियन बेट गाठावं लागतं. या बेटांवर विमानतळ नाहीत. रियुनियनहून ‘मारियों द्युफ्रेन’ हे जहाज वर्षातून मोजक्या खेपा करतं आणि रसद, इंधन, संशोधक यांच्याबरोबर थोड्या पर्यटकांनाही नेतं. फेरी महिनाभर चालते. किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी बुटांचे तळवे, बॅगांच्या शिवणी, खिशांचे कोपरे घासून साफ करावे लागतात, कारण परक्या गवताचं एक बीसुद्धा इथे महागात पडू शकतं.

जहाजाला ज्याचं नाव आहे, त्या मारियों द्युफ्रेनच्या मोहिमेला जानेवारी 1772 मध्ये क्रोझे सापडलं. त्याच्या सहकाऱ्याचं नाव बेटांना मिळालं. स्वतः मारियों मात्र त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये मारला गेला. आज क्रोझेच्या किनाऱ्यावर किंग पेंग्विनांच्या प्रचंड वसाहती आहेत.

केर्गेलेनची कथा जास्त रंगतदार आहे. फेब्रुवारी 1772 मध्ये ईव-जोसेफ द केर्गेलेन या दर्यावर्दीने ही जमीन पाहिली. तो स्वतः किनाऱ्यावर उतरलासुद्धा नाही. तरीही फ्रान्सला परतून त्याने पंधराव्या लुईसमोर सुपीक दक्षिण खंडाच्या बाता मारल्या. दुसऱ्या फेरीत पितळ उघडं पडलं आणि त्याला खटला व तुरुंगवास भोगावा लागला. 1776 च्या नाताळात कॅप्टन कुक तिथे पोहोचला. त्याला हा प्रदेश इतका उजाड वाटला की, त्याने त्याला ‘वैराण बेट’ म्हटलं. खलाशांच्या कामाची एकच वस्तू होती, इथला रानकोबी. तो खाल्ल्याने स्कर्व्ही टळत असे. 1874 मध्ये शुक्राचं अधिक्रमण पाहायला आलेल्या इंग्रजांनी ससे सोडले आणि कोबीचा बराचसा फडशा सशांनीच पाडला. मेंढपाळीचे प्रयोगही फसले. आता पोर-ओ-फ्रान्से या तळावर फक्त पाळीने येणारे कर्मचारी राहतात.

परतीच्या वाटेवर आम्स्टरडॅम. 1871 मध्ये रियुनियनचं एक कुटुंब शेतीसाठी इथे आलं आणि काही महिन्यांतच गुरं मागे सोडून निघून गेलं. त्या मूठभर गुरांचा वाढत वाढत सुमारे दोन हजारांचा कळप झाला. त्यांनी जंगल संपवत आणलं. अखेर 2010 पर्यंत गुरं हटवण्यात आली. जवळच्या सें-पॉल बेटावर 1930 मध्ये शेवंडांच्या कारखान्याची राखण करायला ठेवलेल्या सात जणांपैकी निम्म्याहून अधिक जण मदत पोहोचेपर्यंत दगावले होते.

आम्स्टरडॅमचा भारताशी संबंध 2018 मध्ये आला. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी वादळात सापडले. डोलकाठ्या मोडल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली. 24 सप्टेंबरला फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने त्यांना उचलून याच बेटावरच्या छोट्या रुग्णालयात आणलं, आणि तिथून ‘आयएनएस सातपुडा’ त्यांना भारतात घेऊन आली.