सोमवारची सुट्टी

सोमवारी दाढी वाढलेला गृहस्थ दिसला, तर तो दुःखी आहे असे समजू नये; त्याच्या न्हाव्याची सुट्टी आहे, एवढेच समजावे. महाराष्ट्रात पुष्कळ गावी हा वार कात्रीच्या विश्रांतीचा. जग रविवारी नटते, म्हणून नटवणाऱ्याने सोमवारी पाय पसरायचे. व्यवहार चोख आहे.

आमच्या औशातल्या पार्लरवाल्या बाईंना मात्र सोमवारही नाही. "आज तरी दार लावा की," असे मी एकदा म्हटले, तर म्हणाल्या, "काकू, आज न्हाव्यांच्या बायकांना सवड असतीय. त्या येतेत."

एवढीशी खोली, एक फिरती खुर्ची, मोठा आरसा आणि दाराला पडदा. लगीनसराईत पहाटे चारला नवरीच्या घरी हजर. नवरी रडली की काजळ पुन्हा, करवली रुसली की अंबाडा पुन्हा, आणि मुहूर्त टळला की खापर मेकपवर! पैशाच्या वेळी 'आपलेच आहात' हे आहेच. (आपले असल्याचा खर्च नेहमी दुसऱ्याच्याच खिशातून का होतो, कोण जाणे.) उभे राहून पोटऱ्या भरून येतात, भुवया कोरता कोरता मान आखडते. पण सगळ्यांत अवघड काय, असे विचारताच दातांतला दोरा सोडून बाई म्हणाल्या, "हसणं. घरी लेकरू तापानं फणफणलेलं असू द्या, गटाचा हप्ता थकलेला असू द्या, खुर्चीत बाई बसली की हसावं लागतंय. तोंड पाडलं की म्हणतेत, हिचा हात बरा न्हाई."

अमेरिकेतल्या आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाईसुंदरींच्या कामाचा अभ्यास करून 1983 साली हेच ग्रंथरूपाने मांडले. आतले मन आवरून वर प्रसन्न दिसणे हीही मजुरीच, आणि तिचाही शीण साठत जातो. आमच्या बाईंनी तो ग्रंथ दोरा बदलता बदलता सांगून टाकला!

मुंबईच्या नाभिकांनी 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ते प्रकरण आपण स्त्रियांवरच्या अन्यायाचे म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण मला त्यात वस्तरा धरलेला हातही दिसतो. समोर कोवळी पोर हुंदके देते आहे, आणि याने मान खाली घालून पोटासाठी वस्तरा फिरवायचा. त्या हाताला काय वाटत असेल, हे त्याला कोणी विचारले होते? त्याच लोखंड्यांच्या खटपटीने त्याच वर्षी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. शरीराचा शीण आणि मनाचा शीण एकाच माणसाला दिसावा, याचे मला नवल वाटत नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि पार्लरला कुलूप लागले. राज्यात 28 जूनपासून परवानगी मिळाली तीही अर्धीमुर्धी: केस कापा, पण दाढी नको, भुवया कोरा, पण चेहऱ्याला लेप नको. त्या दिवसांत बाई मला वाटेत भेटल्या. तोंडाला मास्क. म्हणाल्या, "याचा एक फायदा हाय बगा काकू, हसावं लागत न्हाई."

खोलीचे थकलेले भाडे पुढच्या लगीनसराईत फेडते, असे त्यांनी घरमालकाला सांगून ठेवले होते. एप्रिल 2021 मध्ये पार्लरे पुन्हा बंद झाली.