फटफटीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे मोठ्या सैलपणे वापरला जातो. काळ्या पाषाणाचे जुने देऊळ पाडून तेथे सिमेंटचा मंडप उभारावयाचा, गाभाऱ्यास न्हाणीघराच्या फरश्या बसवावयाच्या, कळसास सोनेरी रंग फासावयाचा आणि दर्शनी भागी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावावयाची, की झाला जीर्णोद्धार! यात जीर्णाचा उद्धार झाला की त्यास मूठमाती मिळाली, हे कोणी विचारीत नाही. देवळांच्या बाबतीत आम्हीही ते फार मोठ्याने विचारीत नाही. देणगीदारांत आमचेही काही आप्त असतात. परंतु गेल्या वर्षी एक जुनी फटफटी आमच्या अंगणात आली आणि तिने हा प्रश्न टाळण्यास आम्हांस जागाच ठेवली नाही.

ही फटफटी म्हणजे यामाहा आर.एक्स. १००. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८५ साली ती भारतात बनविण्यास आरंभ केला व १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. इंजिन अवघे ९८ सी.सी.चे, शक्ती ११ अश्वांची, वजन शंभर किलोच्या आसपास. तिच्याहून भारदस्त गाड्या त्या काळी पुष्कळ होत्या. पण इतक्या हलक्या अंगाने अशी झेप घेणारी दुसरी नव्हती. चिखलमातीच्या शर्यतींसाठी खास बांधलेली गाडी तेव्हा सामान्य तरुणास मिळणे अशक्यच. मग तो हीच घेई, तिचा दिवा व आरसे उतरवी, पुढचा मडगार्ड चाकापासून उंच उचली, खोल खाचांचे टायर चढवी आणि नांगरलेल्या रानात उभा राही. आमच्याकडे आलेली गाडी अशीच सोलून काढलेली होती. पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका वाडीत, गोठ्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली ती पंचवीसएक वर्षे उभी होती. शर्यती खेळणारा मुलगा आजाराने गेला होता. गाडी विकली ती त्याच्या वडिलांनी. किमतीविषयी त्यांनी घासाघीस केली नाही. टेंपोत चढविण्यापूर्वी त्यांनी टाकीच्या दोन्ही अंगांवरून एकदा हात फिरविला. तेथे मुलाच्या गुडघ्यांनी रंग पार घासला जाऊन पत्रा उघडा पडला होता.

आता या यंत्राची प्रकृती थोडी सांगितली पाहिजे. साध्या चार फेऱ्यांच्या इंजिनात इंधनमिश्रण आत घेणे, दाबणे, पेटविणे व धूर बाहेर टाकणे या चार क्रियांस दट्ट्याला दोनदा वर व दोनदा खाली जावे लागते, आणि दारे उघडण्यामिटण्यास झडपांचा वेगळा परिवार पोसावा लागतो. टूस्ट्रोकमध्ये दट्ट्याच द्वारपाल होतो. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कोरलेल्या असतात. दट्ट्या वरखाली जाताना त्या झाकतो आणि उघडतो, व दर फेऱ्यास स्फोट होतो. ताजे मिश्रण आधी दट्ट्याखालच्या क्रँकच्या खोलीत येते आणि तेथून दाबाने वर जाते. म्हणून ती खोली हवाबंद असावी लागते. तिच्या कडेच्या रबरी सीलांतून बाहेरची हवा शिरली, तर मिश्रण पातळ होते, दट्ट्या तापून फुगतो आणि भिंतीस चिकटून बसतो. आमच्या गाडीचा दट्ट्या असाच चिकटलेला होता. तो सोडविण्यास डिझेल, लाकडी ठोकळा आणि आठ दिवसांचा धीर खर्ची पडला.

येथे आमच्या घरात दोन पक्ष पडले. आमचा भाचा अभियंता आहे व त्याने या गाड्यांच्या बाजाराचा अभ्यास केला आहे. त्याचे म्हणणे असे : "मामा, हा ब्लॉक टाकून द्या. पूर्वी कोणीतरी त्याच्या खिडक्या कानशीने घासून मोठ्या केल्या आहेत. कारखान्यातून निघाली तशी गाडी केली तरच तिला मोल." त्याने नवा ब्लॉक, चकचकीत मडगार्ड आणि टाकीचे स्टिकर यांची यादीही तयार ठेवली होती.

म्हणणे खोटे नव्हते. पण 'मूळ' कशास म्हणावे, हा प्रश्न आमच्या अध्यापकी डोक्यात शिरला, आणि अशा डोक्यात शिरलेला प्रश्न सहसा लवकर बाहेर पडत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले व १९६६ साली ते तडीस गेले. त्या पंडितांनी पोथ्यांशी पोथ्या ताडून प्रक्षिप्त भाग बाजूस काढला. पण तो नष्ट केला नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. कारण कोणीतरी, कोठेतरी, तो पाठ खरा मानून म्हटला होता. आमच्या ब्लॉकवरील कानशीचे घाव हाही एक पाठभेदच नव्हे काय?

तो ब्लॉक घेऊन आम्ही कोल्हापुरातील उद्यमनगरात गेलो. तेथे एक वृद्ध मिस्त्री आहेत. लेथ आता त्यांचा मुलगा चालवितो. त्यांनी चष्मा लावला नाही. ब्लॉक हातात घेऊन धूर बाहेर पडण्याच्या खिडकीत नुसते बोट घातले, सावकाश फिरविले आणि म्हणाले, "सर, हे आमचंच काम हाय."

"कशावरून म्हणता?"

"मी डावखुरा. हा एक कोपरा बघा, जास्त गोल झालाय. उजव्या हाताचा मिस्त्री दुसऱ्या बाजूला चुकंल."

खिडकीची वरची कड किती घासावी, हे त्यांस कोणत्या ग्रंथाने शिकविले नव्हते. ती उंच केली की धुरास लवकर वाट मिळते, इंजिन वरच्या वेगात तुफान धावते आणि खालच्या वेगात मरगळते. या विद्येस जोड लागते ती सायलेन्सरच्या नळीची : आधी रुंदावत जाणारी आणि मग पुन्हा निमुळती होणारी नळी असली, की स्फोटाच्या दाबाची लाट तिच्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. हे शास्त्र पूर्णत्वास नेले पूर्व जर्मनीतील एम.झेड. कारखान्याच्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने. १९६१ साली त्याने १२५ सी.सी.च्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सी.सी.चे जगज्जेतेपद मिळविले. काडेनचे नाव आमच्या मिस्त्रींनी ऐकलेले नाही. गाडीची नळी मात्र त्यांनी पत्रा ठोकून त्याच आकाराची केली होती. का, असे विचारता "आवाजावरून कळतं" एवढेच उत्तर मिळाले. ज्ञानाचा मान छापील कागदालाच द्यावयाचा, या आमच्या वर्गाच्या सवयीस असे उत्तर पचणे जड जाते.

ब्लॉक ठेवावयाचे ठरले. भिंतीवरचे ओरखडे बोअर करून काढले व ५०.७५ मिलिमीटरचा दट्ट्या बसविला. मूळ माप ५० चे. बोअर केल्याने भिंत नवी होते, पण खिडक्यांची उंची तीच राहते, हे भाच्यासही मान्य होते. क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि दोन्ही सील नवे घातले. येथे जुन्याचा मोह धरणे म्हणजे पुन्हा गोठ्याची वाट धरणे. दिवा व आरसे परत आले. रस्त्यावर चालविण्यासाठी मूळ नमुन्याचा सायलेन्सर बसविला; ठोकलेली नळी कर्णकर्कश, तेव्हा तिला भिंतीवरील खुंटीचे परिशिष्ट लाभले. टाकी आतून गंज काढून स्वच्छ केली, बाहेरून मात्र रंगविली नाही. उघड्या पत्र्यावर मेणाचा हात दिला की पुरते. भाच्याने स्टिकर टेबलावर ठेवले आहेत, ते अद्याप तेथेच आहेत.

कोणी म्हणेल, धूर ओकणाऱ्या या यंत्रावर एवढी माया कशास? आक्षेप रास्त आहे. यात पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि काही मिश्रण न जळताच बाहेर जाते. धुराचे नियम कडक झाले व रस्त्यासाठीच्या नव्या टूस्ट्रोक मोटारसायकली बंद झाल्या, हे योग्यच झाले. शहरातील लाखो फुप्फुसांपुढे आमच्या आठवणींचे वजन काय? आठवड्यातून एकदा, पहाटे, गावाबाहेरच्या रस्त्यावर, एवढीच मुभा आम्ही स्वतःस दिली आहे.

पन्हाळ्याच्या वाडीत निरोप धाडला होता. "चालू झाली तर ऐकायला आणा," असे उत्तर आले. पण मिस्त्रींची सक्त ताकीद आहे, की पहिले ५०० किलोमीटर गाडी चाळीसच्या वर न्यावयाची नाही आणि चढावर ताणावयाची नाही. आतापर्यंत ३१० झाले आहेत.