तीन नव्व्या

तो स्क्रीनशॉट अजून माझ्या फोनमध्ये आहे. रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी काढलेला. फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. माझ्या हातात राजा, चव्वी आणि दोन नव्व्या. खाली मी मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'बघा रे, असं नशीब असतं आपलं.' सहा जणांनी रडके इमोजी टाकले. मला तेवढंच हवं होतं.

खेळ होता पॉट-लिमिट ओमाहा. ज्यांना फक्त टेक्सस होल्डेम माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. इथे हातात दोनऐवजी चार पत्ते मिळतात, पण शेवटी हातातले बरोबर दोन आणि टेबलावरचे बरोबर तीनच वापरायचे. चार पत्त्यांतून दोनाच्या सहा जोड्या होतात. म्हणजे समोरचा माणूस एक नाही, सहा हात घेऊन बसलेला असतो. आणि बेट लावायची कमाल मर्यादा म्हणजे त्या क्षणी पॉटमध्ये असेल तेवढी रक्कम.

तीन नव्व्या म्हणजे त्या फ्लॉपवरचा टॉप सेट. त्या घडीला यापेक्षा मोठा हात कुणाकडे असूच शकत नाही. मग मी काय केलं? चेक. म्हणजे 'माझ्याकडे काही नाही बुवा' असा चेहरा. पॉटमध्ये 600 होते. समोरच्याने 600 लावले. आता माझी वेळ. आधी त्याचे 600 भरायचे, त्याने पॉट 1800 होतो, मग त्यावर आणखी 1800 वाढवता येतात. मी पूर्ण 2400 केले. चेक-रेझ.

हा डाव माझ्या रक्तात होता असं मला वाटायचं. लहानपणी सुट्टीत आजोबांबरोबर मेंढीकोट खेळायचो. बंद हुकूम लावलेला पत्ता पालथा ठेवून निरागस चेहऱ्याने बसायचं आणि ऐन वेळी उघडून समोरच्याची मेंढी मारायची, यात जो आनंद होता तोच मला चेक-रेझमध्ये मिळायचा. पैशांपेक्षा 'फसवलं की नाही!' हे जास्त गोड.

समोरच्याने दोन सेकंदांत उरलेले सगळे लावले. फ्लॉपला आम्हा दोघांकडेही 5000 होते. मी हसतच कॉल केला. त्याने उघडलं: गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. जोडीसुद्धा नाही! टर्नला पंजी आली, त्याची सलग पाच पानं लागली. रिव्हरला काहीच नाही. 10,600 चा पॉट गेला.

माझा तेव्हाचा पगार 28 हजार होता. पण पैशांपेक्षा जास्त झोंबलं ते वेगळंच. मी बरोबर खेळलो, तो मूर्खासारखा खेळला आणि तरी तोच जिंकला, असं मला वाटत होतं. त्या रागात मी पहाटे चारपर्यंत तीनदा पैसे भरले. 15 हजार गेले. भाड्याचे पैसे त्यातच होते. सकाळी रूममेटला म्हणालो, 'अरे, पगार लेट आहे, या महिन्यात तू भरशील का?' त्याने एक प्रश्नही न विचारता भरले.

पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेत मंजूर झाला आणि ते अ‍ॅप बंद पडलं. एका रिकाम्या रविवारी तो स्क्रीनशॉट पुन्हा समोर आला. या वेळी मी वही-पेन घेतलं.

आमचे दोघांचे आठ पत्ते आणि टेबलावरचे तीन वजा केले की 41 पत्ते उरतात. त्याला कोणते चालतात? राणी चार, पंजी चार, गुलाम, दश्शी, सत्ती आणि छक्की प्रत्येकी तीन. एकूण 20! याला रॅप म्हणतात, टेबलावरच्या पत्त्यांना दोन्ही बाजूंनी गुंडाळून बसलेला हात. मला टर्नला थेट वाचवणारे पत्ते सात: तीन अठ्ठ्या, तीन तिर्र्या आणि शेवटची नव्वी. टर्नला त्याचं लागलं, तरी टेबलावर जोडी येऊन माझं फुल हाउस होण्याची साधारण पावपट आशा उरते. टर्न कोरा गेला, तर रिव्हरला त्याला 40 पैकी 20. सगळं जोडलं. रंगांचा विचार सोडला, तर तो साधारण 54 टक्के, मी 46.

मी तीनदा हिशेब केला. फ्लॉपवरचा सगळ्यात मोठा हात माझा होता आणि तरी मी मागे होतो.

ओमाहात हात मोठा असणं म्हणजे आत्ता पुढे असणं नव्हे. अजून दोन पत्ते यायचेत आणि त्यांतले किती आपल्या बाजूचे, हे त्यातच धरावं लागतं. माझ्या राजा आणि चव्वीच्या जागी गुलाम आणि दश्शी असती, तर तीन नव्व्यांबरोबर मलाही तीच सिक्वेन्सची वाट उघडी होती, शिवाय त्याचे पत्ते माझ्याकडे अडकले असते. तो खरा चेक-रेझचा हात. किंवा फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री असा सुका असता आणि माझ्याकडे तीन राजे असते, तर समोरच्याला पळायला वाटच नव्हती. अर्थात तिथे वेगळी भीती असते. आपण चेक करायचं, त्यानेही चेक करायचं, आणि पुढचा पत्ता त्याला फुकट मिळायचा.

चेक-रेझ करणारा नेहमी आधी बोलणाराच असतो, हेही मी सोयीने विसरायचो. पॉट फुगवून ठेवायचा आणि टर्नला वाईट पत्ता आला की पुन्हा पहिलं आपणच बोलायचं. दोघांपुढे पैसे कमी असतील आणि रेझमध्येच सगळे आत जाणार असतील, तर हा त्रास नाही. पॉटच्या आठपट पैसे मागे असताना तो फार असतो.

मग मी शेवटचं गणित केलं. 10,600 चे साधारण 46 टक्के म्हणजे 4,850 च्या आसपास. मी लावले 5000. म्हणजे त्या 'भयंकर' हाताची खरी किंमत सरासरी दीडशे रुपये होती. आणि शेवटचे 2600 भरणं तर बरोबरच होतं, कारण पॉटमध्ये आधीच 8000 पडले होते. दीडशे! उरलेले 15 हजार नशिबाने नेले नव्हते.

रूममेटचे पैसे मी केव्हाच परत केले होते. आता शुक्रवारी आम्ही प्लास्टिकच्या चिप्स घेऊन बिनपैशांचा ओमाहा खेळतो. मागच्या महिन्यात त्याला शिकवताना मी तोच फ्लॉप मांडला. नव्वी, अठ्ठी, तिर्री. त्याने बोटांवर वीस पत्ते मोजले आणि म्हणाला, "म्हणजे जवळजवळ छापा-काटाच की. मग लोक एवढे चिडतात कशाला?"

मी चेक करू शकलो असतो. सवय होतीच. पण मी फोन काढला, स्क्रीनशॉट दाखवला आणि त्यावरची तारीख वाचायला सांगितली. त्याला जरा वेळ लागला.

"त्या महिन्यात पगार लेट नव्हता ना?" तो म्हणाला.

"नव्हता."

तो काही बोलला नाही. पत्ते गोळा केले, पिसले आणि चार-चार वाटले.