कंपनीचा स्टिरिओ

डॅशबोर्डच्या बरोबर मधोमध, एसीच्या जाळ्यांखाली, मोक्याची जागा अडवून बसलेले हे गृहस्थ म्हणजे कंपनीचा स्टिरिओ. गाडी शोरूममधून बाहेर पडली तेव्हाच हा सोबत होता. सीट कव्हर, मॅट, डॅशबोर्डवरचा गणपती ही सगळी मंडळी मागाहून आली. त्यामुळे गाडीवर पहिला हक्क आपला, अशी त्याची ठाम समजूत आहे आणि ती पुष्कळशी खरी आहे. त्याला काढून नवा बसवायचा विचार तुमच्या मनात असेल, तर आधी त्याची नीट ओळख करून घ्या.

त्याचे पूर्वज फार साधे होते. 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच, एवढीच त्यांची चौकट. हे माप जर्मनांनी ठरवलं आणि पुढे ते जगभर आयएसओ 7736 या नावाने रूढ झालं. कुठल्याही कंपनीचा सेट घ्या, कुठल्याही गाडीत सरकवा. नंतर दुप्पट उंचीचा, 180 बाय 100 चा अवतार आला. त्याला सगळे ‘डबल डिन’ म्हणतात. पण पुढच्या पिढीला चेहऱ्याचा गर्व चढला. डॅशबोर्डच्या वळणाशी वळण आणि रंगाशी रंग जुळवून तो असा बसला, की दुसऱ्या कुठल्याही गाडीत त्याला ठेवलं तर परका दिसावा. गंमत अशी, की हा रुबाब बहुतेक वेळा दर्शनी भागापुरताच असतो. पुढची पट्टी काढली की मागे तेच जुनं, चारचौघांसारखं चौकोनी अंग दिसतं. म्हणून तर बाजारात त्या त्या गाडीच्या नावाची वेगळी फ्रेम मिळते आणि तिच्यात नवा डबल डिन सेट नीट बसतो.

वागायला मात्र हा मोठा समंजस. संध्याकाळी गाडीचे दिवे लावले, की कुणी न सांगता आपल्या पडद्याचा उजेड मंद करतो, चालवणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. काही गाड्यांत तर त्याला वेगही कळतो. महामार्गावर गाडी ऐंशीच्या पुढे गेली, टायरचा आणि वाऱ्याचा आवाज वाढला, की हा हळूच आपला आवाज चढवतो आणि टोलनाक्याशी येताना पुन्हा खाली आणतो. शेजारी बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

जेवणाच्या बाबतीत त्याचे नियम कडक आहेत. त्याला वीज दोन वाटांनी लागते. एक वाट थेट बॅटरीकडून, चोवीस तास चालू. तिच्यावर तो घड्याळ आणि पाठ केलेली स्टेशनं सांभाळतो. दुसरी वाट किल्ली फिरवल्यावरच उघडते. तिच्यावर तो जागा होतो. बाजारातल्या सेटला पहिलीसाठी पिवळी तार असते आणि दुसरीसाठी लाल. या दोन तारांची अदलाबदल झाली, की गाडी बंद केल्यावर सगळी स्टेशनं विसरली जातात आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दोन्ही तारा एकत्र करून बॅटरीला जोडल्या, तर सेट रात्रभर जागा राहतो आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी पाचव्या दिवशी धक्का मागते.

शिक्षण बेताचंच. पेनड्राइव्ह घेतो, पण तो एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, नाहीतर तोंड फिरवतो. देवनागरी बहुतेकांना वाचता येत नाही. ‘नाट्यसंगीत’ असं नाव देऊन फोल्डर भरा, पडद्यावर नुसते चौकोन उमटतात. मग कोकणात निघालेलं कुटुंब कशेडी घाटाच्या चढणीवर ‘पुढचं, पुढचं’ करत गाणं शोधत बसतं. त्याचा खरा जीव रेडिओत. विविध भारती लागली की तो खुलतो. मध्यम लहरींवर पुण्याचं 792 किलोहर्ट्झ जुन्या ओळखीचं असल्यासारखं पकडतो आणि रात्री, दूरच्या मध्यम लहरी आकाशातून परतून येऊ लागल्या, की कुठल्या तरी लांबच्या गावचा आवाजही खरखरत आणून देतो. पुष्कळशा नव्या अँड्रॉइड सेटांत मध्यम लहरींचा पट्टा नावापुरताच असतो, ही गोष्ट रेडिओवेड्यांनी विकत घेण्याआधी ध्यानात ठेवावी.

रागही आहे. काही कंपन्यांचे स्टिरिओ बॅटरीची तार सुटली, की पुन्हा सुरू होताना ओळख विचारतात. पडद्यावर ‘कोड’ एवढाच शब्द. गाडीचा मालक वीस वर्षं त्याचं ऐकत असला तरी सवलत नाही. चार-पाच आकडी कोड द्या, तरच तोंड उघडेन. आकडे सारखे चुकत राहिले, की तो काही काळ मौन धरतो. चोराच्या हाती गेलो तरी त्याच्या कामाला येणार नाही, हा त्याचा बाणा. म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये कोडची चिठ्ठी शोधून ठेवावी.

घरी काढायचा तर घाई चालत नाही. आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची उणे तार सोडवावी. मग प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्यावी. स्क्रू ड्रायव्हर कडेला घातला, तर डॅशबोर्डवर कायमचा ओरखडा राहतो. फटीत पट्टी सरकवून हलकेच उचकटलं, की आतली क्लिप ‘टक’ करून सुटते. दुसरी, तिसरी. क्लिप प्रत्येक वेळी अशी वाजते, की काहीतरी तुटलंच असं वाटून पोटात गोळा येतो. तुटलेलं नसतं. फ्रेम हातात येते, मागे चार स्क्रू दिसतात. ते काढून डबा पुढे ओढला, की पाठीवर वर्षानुवर्षांची मऊ, करडी धूळ, अँटेनाची जाड तार आणि तारांचा जुडगा खोचलेला पांढरा कपलर. कपलरच्या कानावर अंगठा दाबून ओढलं, की तो मुकाट्याने सुटतो.

हा कपलर म्हणजे त्याचा सगळा संसार. चारही दारांतले स्पीकर, स्टिअरिंगवरची बटणं, छतावरच्या अँटेनाची वीज, सारं याच वाटेने येतं. त्या तारांचे रंग ज्या त्या गाडीच्या कंपनीने आपल्या मर्जीने ठरवलेले असतात. बाजारातल्या सेटची रंगभाषा निराळी. पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा आणि काळी रेघ असेल ती उणे. या दोघांमध्ये बोलणी करून द्यायला दुभाष्या मिळतो. त्या गाडीसाठीचा जोड कपलर. तो घ्या, किंमत फार नाही. तो नसला आणि अंदाजाने जोडत गेलात, तर एखाद्या स्पीकरची अधिक-उणे उलटी लागते. आवाज येतो, गाणं ऐकू येतं, पण तबल्यातला डग्गा कुठेतरी हरवतो. दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि खर्जाचा स्वर हवेतल्या हवेत जिरतो.

नव्याचा तोरा वेगळा. नऊ इंची काच, चकचकीत रंग, खोक्यावर ‘चार गुणिले बावन्न वॅट’. बारा व्होल्टच्या गाडीत, आतल्याच ॲम्प्लिफायरवर, चार ओहमच्या स्पीकरला सलगपणे वीस वॅटच्या आसपास मिळतात, मग सेट जुना असो की नवा. बावन्न हा क्षणभराच्या शिखराचा आकडा. जुना स्टिरिओ वीसच्या जोरावर इतकी वर्षं घर चालवत होता आणि त्याने कधी पाटी लावली नाही. तरी नव्याचे गुण खरेच मोठे आहेत. नकाशा दाखवतो, रिव्हर्स कॅमेरा दाखवतो, हात स्टिअरिंगवर ठेवून फोनवर बोलू देतो. फक्त दोन गोष्टी त्याला शिकवाव्या लागतात. अँटेनाच्या वीजपुरवठ्याची निळी तार आठवणीने जोडा, नाहीतर छतावरची छोटी अँटेना झोपलेलीच राहते आणि एफएमवर नुसती खरखर ऐकू येते. आणि हँडब्रेकची तार जिथे जोडायची तिथेच जोडा. चालत्या गाडीत चालकासमोर सिनेमा दिसू नये म्हणूनच ती दिलेली आहे. ती बॉडीला चिकटवून नियमाला बगल देणारे दुकानदार पुष्कळ भेटतील. त्यांना नाही म्हणा.

आणि सगळ्यांत मोठा नाही म्हणायचा तो पक्कड हातात घेतलेल्या माणसाला. ‘कपलर कशाला, तार कापून पीळ देतो, पाच मिनिटांचं काम’ असं तो म्हणेल. नंतर तो पीळ खड्ड्यांत सैल होतो, चिकटपट्टी उन्हाने सुटते, तार तारेला लागते आणि फ्यूज उडतो. नशीब फिरलं तर धूरही निघतो. शिवाय कापलेल्या तारांमुळे जुना पुन्हा कधी आपल्या जागी बसू शकत नाही.

काढलेल्या स्टिरिओला भंगारात देऊ नका. फ्रेम, स्क्रू, क्लिपा आणि कोडची चिठ्ठी यांच्यासह त्याला खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. गाडी विकायची वेळ आली, की अर्ध्या तासात तो पुन्हा जागेवर बसेल, नव्या मालकाला गाडी जशी कंपनीने दिली तशी मिळेल आणि तुमचा नवा सेट तुमच्याजवळ राहील. काढायचा तर जरूर काढा, घरीच काढा, स्वतःच्या हाताने काढा. मात्र त्याची एकही तार कापू नका.